फियाटमध्ये जिप्सीचं इंजिन? माझं मत विरोधात

आजोबांची १९७१ ची फियाट ११०० आता माझ्याकडे आली आहे, आणि ही बातमी पसरल्यापासून जो भेटेल तो एकच सल्ला देतोय: "जिप्सीचं इंजिन टाक, पाच गियरचा बॉक्स टाक, आणि बिनधास्त फिर." चुलतभावाने सांगितलं, ऑफिसातल्या दोघांनी सांगितलं, सोसायटीच्या वॉचमननेही सांगितलं (त्याच्या मामाच्या गाडीत म्हणे केलंय). सल्ला वाईट नाही. तरी माझं मत विरोधात आहे, आणि ते भावनेच्या भरात बनलेलं नाही. तीन वीकएंड बसून मी या अदलाबदलीचा पूर्ण प्लॅन केला, एक्सेल शीटसकट. शीट ६४ ओळींची झाली. ती वाचल्यावर जे वाटलं ते इथे लिहितोय.

ज्यांना फियाट म्हटल्यावर फक्त टॅक्सी आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात. ही गाडी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १९६४ पासून ती '११०० डिलाइट' म्हणून विकली गेली, मग प्रेसिडेंट झाली आणि शेवटी पद्मिनी. (गोल पाठीची 'डुक्कर फियाट' ती याच्या आधीची. आमच्या गाडीला डुक्कर म्हटलेलं आजोबांना अजिबात चालायचं नाही.) इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसएक हॉर्सपॉवर, चार गियर, दांडा स्टिअरिंगला लागून, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि जोर मागच्या चाकांना. मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत बरंच हळहळणं झालं. आमची मात्र कऱ्हाडला आजोबांच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये नुसती उभी होती.

आता जिप्सीच का? हा भाग मला खरंच आवडतो, म्हणून जरा सविस्तर. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गियरबॉक्स नि डिफरन्शियल एकाच डब्यात असून जोर पुढच्या चाकांना जातो. ते सगळं फियाटला निरुपयोगी. फियाटला इंजिन लांबीत बसलेलं हवं, त्याच्यामागे गियरबॉक्स, आणि तिथून शाफ्टने मागच्या ॲक्सलला जोर. अशी मांडणी असलेली, स्वस्तात मिळणारी इंजिनं आपल्याकडे मोजकीच. जिप्सीचं १२९८ सीसी, ईकोचं १.२ लिटर, किंवा प्रीमियर ११८ एनई मधलं निसानचं ११७१ सीसी. जिप्सीचं त्यात सगळ्यात दमदार, इंजेक्शनवालं, ८० हॉर्सपॉवर. शिवाय जिप्सीचा ट्रान्सफर केस गियरबॉक्सपासून वेगळा असतो, त्यामुळे तो बाजूला ठेवून नुसता पाच गियरचा बॉक्स वापरता येतो. कागदावर हे एकदम भारी दिसतं.

पण शीटमधली पहिली ओळ 'इंजिन' असली तरी बाकीच्या ६३ त्या एका ओळीच्या पोटातून निघालेल्या आहेत. माउंटिंग नवीन बनवायची. ती बनवताना खाली स्टिअरिंगचे दांडे नि क्रॉसमेंबर आडवे येतात का बघायचं, येत असतील तर इंजिनाचा संप कापून पुन्हा वेल्ड करायचा. क्लचची जोडणी वेगळी. शाफ्टची लांबी वेगळी, म्हणजे तो कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यायचा. नाहीतर ६० च्या पुढे सगळी गाडी थरथरणार. नव्या बॉक्सचा गियर जमिनीतून वर येतो, तेव्हा फ्लोअरला भोक आणि मधला बोगदा रुंद करणं आलं. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या: या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. फ्लोअर कापणं म्हणजे घराची तुळई कापण्यासारखं आहे. करता येतं, पण करणारा माणूस जाणकार हवा, आणि चुकलं तर दारं लागेनाशी होतात.

इंजेक्शन आलं म्हणजे ईसीयू आला, वायरिंगचा नवा जुडगा आला, जास्त दाबाचा पेट्रोल पंप आला, टाकीकडे परत जाणारी नळी आली. जुन्या गाडीतला डायनॅमो इतकी वीज पुरवणार नाही. रेडिएटर मोठा लागणार.

मग ताकद. जोर दुप्पट झाला तरी मागचा ॲक्सल तोच, ५० वर्षांपूर्वी चाळीस घोड्यांसाठी बनवलेला. ब्रेकचं गणित तर शाळेतलं आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ऐवजी ११० ने जायला लागलात की थांबवायची ऊर्जा जवळजवळ १.९ पट. त्याच ड्रम ब्रेकने. खंबाटकी उतरताना. म्हणजे आता ब्रेकही बदला, मग पुढचे हब बदला, मग कदाचित चाकंही. पाचव्या गियरचा फायदा किती तेही काढून पाहिलं. समजा मागचा रेशो ४.३ आणि टायरचा घेर १.८ मीटर धरला, तर ८० च्या वेगाला जुन्या चौथ्या गियरमध्ये इंजिन सुमारे ३२०० फेरे घेतं. ०.८५ चा पाचवा गियर असेल तर २७००. मिनिटाला ५०० फेरे वाचले. कानाला नक्की बरं वाटेल. पण त्यासाठी गाडीचं पोट फाडायचं का?

इथपर्यंत सगळे प्रश्न पैसे आणि चिकाटी टाकून सुटणारे. पुढचे तसे नाहीत.

एक म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर चढलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करता येणार नाही. इंजिन नंबर, सीसी हे सगळं आरसीवर असतं. "अरे कोण बघतंय?" असं लोक म्हणतात, आणि खरंच रस्त्यावर कोणी बॉनेट उघडायला लावत नाही. अपघात झाला की मात्र विमा कंपनीचा माणूस पहिलं काम तेच करतो. समोरच्याच्या नुकसानभरपाईचा बोजा आपल्या घरावर येऊ शकतो, हे सल्ला देणाऱ्यांच्या शीटमध्ये नसतं.

दुसरं असं की ही गाडी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, बॉडी वा इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. अशी गाडी रोज वापरता येत नाही, त्यामुळे मी लगेच तिकडे धावणार नाहीये. आत्ता नेहमीचीच नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहायची असा विचार आहे. पण तो दरवाजा उघडा ठेवणं आपल्या हातात आहे. जिप्सीचं इंजिन आत गेलं, फ्लोअर कापला, की तो बंद.

आणि मला सगळ्यात जड वाटणारा मुद्दा: गाडी 'माझी' आहे कुठे? आरसी अजून आजोबांच्या नावावर. वारसाने नाव बदलायला फॉर्म ३१ भरावा लागतो आणि त्यासाठी बाबा, काका आणि आत्या तिघांची संमती लागते. आत्याने सही केली ती "चालव बाबा तू, तुलाच आवड आहे" असं म्हणून. तिच्या लग्नाची वरात याच गाडीतून गेली होती. कायद्याने उद्या मालक मी असेन, पण ज्या गोष्टीत तिघांचा जीव अडकलाय तिच्यात परत फिरवता न येणारा बदल एकाने करू नये, असं माझं मत आहे. ऑफिसात सामायिक कोडमध्ये असं कोणी केलं तर आपण त्याला धारेवर धरतो. घरात मात्र "आता तुझीच आहे, काय करायचं ते कर" चालतं!

जॉएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपच्या उदाहरणावरून लिहिलं होतं की चालणारं सॉफ्टवेअर टाकून शून्यापासून पुन्हा लिहायला घेणं ही कंपनीची सगळ्यात मोठी घोडचूक. जुना कोड घाण दिसतो कारण त्यात वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या साठलेल्या असतात. गाडी म्हणजे कोड नव्हे हे मान्य, उपमा ताणायची नाही. पण एक सवय तिकडून इथे नक्की आणता येते: आधी मोजा, मग बदला. फियाट घाटात का तापते? बहुतेक वेळा रेडिएटर गाळाने भरलेला असतो. गरम दिवसात बंद का पडते? पेट्रोल पंपात वाफ धरते म्हणून. जुने लोक त्यावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही. गियर का अडकतात? स्टिअरिंगवरून खाली जाणाऱ्या दांड्यांचे बुश झिजलेले असतात. पिकअप का नाही? सीबी पॉइंट, डिस्ट्रिब्यूटर, आणि सिलिंडरमधली झीज. यातल्या एकाही आजाराचं औषध दुसरं इंजिन हे नाही. पहिल्या गियरला सिंक्रो नाही, म्हणून तो चालत्या गाडीत टाकताना दात खातो, हे खरं दुखणं आहे आणि ते राहणारच. गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा. आजोबा तीस वर्षं तसंच करत होते.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यात दम आहे. ते म्हणतात, "शेडमध्ये उभी असलेली ओरिजिनल गाडी म्हणजे भंगार. चालली तर वारसा." त्यांना कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय, वाटेत कोणाकडे पाणी मागत न बसता. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबर नि कार्ब्युरेटर खराब होतात, हाही त्यांचा मुद्दा. बरोबरच आहे. म्हणून मी 'काही बदलायचं नाही' या पंथातला नाही. गाडीला पॉलिश करून पावडर लावून ठेवणाऱ्यांचा मला त्यांच्याइतकाच कंटाळा आहे.

मी ठेवलेला नियम साधा आहे. जे पान्याने बसतं आणि पान्याने निघतं ते करायचं. ज्याला ग्राइंडर लागतो ते नाही. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर चालेल. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चालेल. रेडिएटरसाठी विजेचा पंखा चालेल. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचं किट लगेच. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून डिकीतल्या पोत्यात. इंजिन तेच, त्याच नंबरचं, रीबोअर करून नवीन पिस्टनवर. गियरबॉक्स तोच, बेअरिंग बदलून.

चुलतभावाला हे पटलेलं नाही. "इतका खर्च करून पुन्हा चाळीसच हॉर्सपॉवर?" हो, चाळीसच. पुणे-कऱ्हाड चारऐवजी साडेचार तास लागतील. बाबांच्या चिपळूणसाठी पहाटे निघावं लागेल, ऊन चढायच्या आत घाट पार.

ब्लॉक गेल्या शनिवारी कोल्हापूरला उद्यमनगरात पोचवला. मिस्त्रींनी मायक्रोमीटर घातला, चारही सिलिंडर मोजले आणि म्हणाले की झीज आहे, पण ब्लॉकमध्ये अजून रीबोअरला जागा आहे. क्रँक पुढच्या आठवड्यात ग्राइंडिंगला. अल्टरनेटरचा ब्रॅकेट कोणाला तयार मिळाला असेल तर खाली जरूर कळवा. चुलतभाऊ अजून रोज एक जिप्सी इंजिनाची जाहिरात पाठवतोय :)