पैसा त्याचा, मग हिशेब कोणाकडे?

ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १५०० वरून २५०० रुपये झाले. यवतमाळ जिल्ह्यात या विषयाची चर्चा आधीपासून होती. जुलैमध्ये बच्चू कडू यांची पदयात्रा अमरावती जिल्ह्यातल्या पापळहून आपल्या चिलगव्हाणपर्यंत आली, तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसोबत दिव्यांगांच्या मानधनाचा प्रश्नही गावागावांत बोलला गेला. रक्कम किती असावी यावर भरपूर बोलून झाले आहे. ती रक्कम खात्यात पडल्यावर कोणाच्या हातात जाते, कशावर खर्च होते आणि तिचा हिशेब कोण ठेवतो, याबद्दल मात्र सगळे गप्प.

मोहल्ल्यात जरा डोळे उघडे ठेवून फिरलात तर उत्तर दिसेल. पासबुक मोठ्या भावाकडे. एटीएम कार्ड मामूंच्या पाकिटात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर भावजयीचा, नाहीतर ज्या केंद्रावर अर्ज भरला तिथल्या पोराचा. हयातीचा दाखला कधी द्यायचा, उत्पन्नाचा दाखला कधी संपतो, हे एजंटला ठाऊक. आणि ज्याच्या नावावर हे सगळे आहे तो दारातल्या खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करतो. त्याला विचारा, या महिन्यात किती आले? तो घरच्यांकडे बघेल.

यात दरवेळी कोणी चोर असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक घरांत ते पैसे त्याच्याच औषधपाण्यावर जातात, वर घरचे पदरचेही घालतात. पण चोरी न होणे वेगळे आणि हिशेब असणे वेगळे.

माझ्या खालाचा मुलगा माझ्याच वयाचा आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातांवर ताबा नाही, बोलणे नवख्याला कळत नाही, पण डोके पूर्ण शाबूत. क्रिकेटचे आकडे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी इंजिनीअर होऊन पुण्यात नोकरीला लागलो आणि खानदानातल्या प्रत्येक फॉर्मचा नि ओटीपीचा माणूस झालो. (तुमच्यापैकी अनेकांचे हेच झाले असणार. ‘तू कम्प्युटरवाला है ना’ म्हटले की विषय संपतो.) मध्ये त्याचे अनुदान चार महिने आले नाही. सुट्टीत गावी जाऊन कागद तपासले तेव्हा कळले, की तालुक्यातल्या एका केंद्रावर अर्ज भरताना चालकाने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला होता. खात्याला आधार नीट जोडलेले नाही असे संदेश त्याच्या फोनवर येत होते आणि तो ते वाचत नव्हता. दुरुस्तीचे त्याने वेगळे पाचशे घेतले, पावती दिली नाही. त्या पाचशेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. त्या चार महिन्यांत भावाला घरात कोणी सांगितलेच नव्हते, की तुझे पैसे थांबले आहेत. ‘उसको कायको टेन्शन देना,’ खाला म्हणाली. पैसे त्याचे होते, टेन्शनसुद्धा त्याचेच असायला हवे होते.

माझ्या टीममधल्या एका मराठी सहकाऱ्याची बहीण मेलबर्नला राहते, तिचा मुलगा दिव्यांग आहे. तिच्याकडून मला ‘प्लॅन मॅनेजर’ हा शब्द पहिल्यांदा कळला. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय दिव्यांगता विमा योजना आली. तिच्यात दिव्यांग व्यक्तीसाठी गरजेनुसार एक आराखडा ठरतो आणि त्यासाठी निधी मंजूर होतो. तो निधी स्वतः सांभाळायचा, सरकारी यंत्रणेकडे ठेवायचा की प्लॅन मॅनेजरकडे द्यायचा, हे ती व्यक्ती निवडते. प्लॅन मॅनेजर थेरपिस्टची, मदतनीसाची, साहित्याची बिले भरतो, किती खर्च झाले नि किती उरले याचे पत्रक दर महिन्याला देतो. कोणता थेरपिस्ट घ्यायचा हे तो ठरवत नाही. त्याची फीही त्या व्यक्तीच्या मदतीच्या पैशातून कापली जात नाही, तिच्यासाठी आराखड्यात वेगळी रक्कम असते. काम पटले नाही तर त्याला बदलता येते. तिथेही खोटी बिले झाली आहेत, न बघता बिले भरणारे मॅनेजरही निघाले आहेत, तेव्हा ते काही जन्नत नाही. पण ज्याचे पैसे त्याला दर महिन्याला कागदावर उत्तर मिळते, एवढी गोष्ट तरी घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे आराखडा नाही, तुकडे आहेत. अनुदान तहसीलमधून. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आरोग्य खात्याच्या तपासणीनंतर. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च व्हायला हवेत, ते मागायला तिसरे दार. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाचा एक लाखापर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा आहे. एसटीत ७५ टक्के सवलत आहे. प्रत्येकाचा कागद वेगळा, मुदत वेगळी. उमरखेडहून यवतमाळला जायचे तर शंभरावर किलोमीटर. मजुरी बुडते आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला बसमध्ये चढवायला दोघे लागतात. म्हणून एजंट जन्माला येतो. त्याला शिव्या देणे सोपे आहे, पण तो एक खरे काम करतो, जे करायला दुसरे कोणी नसते. दोष इतकाच, की त्याची मजुरी दिव्यांग माणसाच्या अनुदानातून जाते, बिनपावतीची, आणि तो कोणालाच बांधील नसतो.

सरकारनेही त्याचा धंदा वाढवून ठेवला आहे. निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांपेक्षाही कमी. हमाली करणारा, हातगाडी लावणारा माणूससुद्धा यात बसत नाही. मग ‘बसणारा’ दाखला काढून देणारा शोधावा लागतो, आणि एकदा खोट्या आकड्यावर सही झाली की ते घर त्या माणसापुढे कायमचे मिंधे होते. नंतर हिशेब कोण मागणार? ही मर्यादा वाढवा ही मागणी अनुदानवाढीइतकीच मोठी आहे, असे मला वाटते.

आता कायद्याकडे या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १३. दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारशात मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असे ते सांगते. मदत करणाऱ्याचा आणि त्या व्यक्तीचा आर्थिक हितसंबंध एकमेकांना छेद देत असेल, तर त्या व्यवहारातून मदत करणाऱ्याने बाजूला व्हायचे. आणि ती व्यक्ती मदतीची व्यवस्था बदलू शकते, मोडू शकते, दुसऱ्या कोणाची मदत घेऊ शकते. म्हणजे मॅनेजर बदलण्याचा हक्क आपल्याकडेही कायद्यात लिहिलेला आहे. फक्त मोठ्या भावाला ‘माझे पासबुक दे, मला दुसऱ्याकडून हिशेब ठेवून घ्यायचा आहे’ असे म्हणणारा दिव्यांग माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ज्यांना बौद्धिक दिव्यांगत्वामुळे व्यवहार खरोखरच समजत नाही, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. हा भाग आपल्या समाजातल्या आयांनी विशेष समजून घ्यावा. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात आईला मुलाच्या संगोपनाचा हक्क मिळतो, पण त्याच्या मालमत्तेची पालक म्हणून तिला आपोआप मान्यता नाही. तो मान बापाचा, मग आजोबांचा. मूल अठरा वर्षांचे झाले की बापाचेही नैसर्गिक पालकत्व संपते. मुलगा तिशीचा, समज पाच वर्षांच्या पोराची, बाप वारलेला, आणि बँक आईला विचारते, ‘तुम्ही यांच्या कोण?’ या कायद्याखाली आई, बाप किंवा नातेवाईक, कोणीही समितीकडे अर्ज करू शकतो. आईला स्वतःचे नाव सुचवता येते. मजहब आड येत नाही. समितीचे प्रमाणपत्र मान्य करावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना बँकांना आहेत.

या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद कलम १६ मध्ये आहे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करायचा. आईनेसुद्धा. यात आईवर अविश्वास नाही. उद्या ती नसेल तेव्हा दीर, भाऊ, भाचा यांच्यापैकी जो पुढे येईल त्याला याच रेषेवर चालावे लागेल. पण एक काळजी घ्या. माझ्या भावासारख्या, सगळे समजणाऱ्या माणसावर सोयीसाठी पालक लादू नका. त्याला पेन धरता येत नाही, म्हणून निर्णयही घेता येत नाहीत असे होत नाही. त्याच्यासाठी कलम १३ पुरेसे आहे. बँकेच्या शाखेत जाणे जमत नसेल तर दिव्यांग ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. ते लेखी मागा.

‘घर की बात है, हिसाब कैसा?’ हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. धार्मिक मंडळींकडून तर जास्तच. कुराणातली सर्वांत लांब आयत व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. देणेकरी स्वतः मजकूर सांगू शकत नसेल तर त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, साक्षीदार असावेत, हेही तिथेच आहे. आपण मात्र रमजानमध्ये जकातीच्या पैशातून व्हीलचेअर वाटतो, फोटो काढतो आणि अकरा महिने त्या माणसाकडे फिरकत नाही. ती खुर्ची गल्लीतल्या नालीवरून जात नाही, याची नोंदही कोणाच्या वहीत नसते. त्याला खुर्ची हवी होती की दर आठवड्याच्या फिजिओथेरपीचे भाडे, हे विचारले असते तर कळले असते.

२०२४ च्या पावसाळ्यात याच मोहल्ल्यांत कॉलेजच्या पोरापोरींनी लाडकी बहीण योजनेचे अर्ज रात्र-रात्र जागून भरून दिले. ज्यांनी ते केले त्यांना हे काम जमेल. एक वही किंवा फोनवरची एक साधी तक्ताशीट पुरते, ॲप लागत नाही. हे पोट ॲपवर भरणारा माणूस सांगतो आहे. त्यात आलेली रक्कम, झालेला खर्च, प्रत्येक दाखल्याची मुदत. दर महिन्याला ती त्या व्यक्तीसमोर वाचून दाखवायची. तिला ऐकू येत नसेल तर दाखवायची, अवघड जात असेल तर चित्रांनी, नोटा मांडून समजवायची. हिशेब ठेवणाऱ्याने कार्ड, पिन, पासबुक काहीही स्वतःकडे ठेवायचे नाही, पैसे काढायचे नाहीत आणि अर्जावर स्वतःचा नंबर तर कधीच द्यायचा नाही. शक्यतो तो नात्यातला नसावा. बायांच्या घरी बाईच जावी. एकटे जाऊ नका, दोघे जा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवले तर साक्ष राहील. भाडे, झेरॉक्स, नेटचा खर्च जकात-सदक्याच्या निधीतून किंवा वर्गणीतून घ्या, त्या अडीच हजारांतून एक रुपयाही नाही. आणि ‘आता तू नको’ असे ती व्यक्ती म्हणाली, तर कारण न विचारता वही तिच्या हाती द्या.

सगळ्यांत आधी मात्र घरच्यांचा रोष येईल. माझ्या खालाने तीन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. पहिल्या महिन्याची वही वाचून दाखवली तेव्हा भावाने पैशातून दोनशे रुपये बाजूला काढायला सांगितले, कशासाठी ते सांगायला मात्र साफ नकार दिला. वहीत त्या रकमेपुढे आम्ही ‘स्वतःसाठी’ एवढेच लिहितो.

सोळाही तालुक्यांतल्या तरुणांनी आपापल्या ठिकाणी दोन-तीन घरांपासून सुरुवात करावी. सोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे एक लेखी अर्ज द्यावा: स्थानिक स्तर समितीची बैठक ठरलेल्या तारखेला व्हावी, तारीख तहसीलच्या फलकावर लावावी, आणि पालकत्वाचे अर्ज उमरखेड, पुसद, वणी, पांढरकवडा इथेही स्वीकारावेत.