लग्न वाळूत नको, अंगणात लावा

घरचं कार्य | तात्यापारकर, रायपूर

रायपूरला समुद्र नाही. तेलीबांधा तलावाच्या काठाला आपण मरीन ड्राइव्ह म्हणतो, धमतरीजवळच्या गंगरेलच्या धरणाला मिनी गोवा म्हणतो आणि हौस भागवून घेतो. पण अलीकडे या सदराकडे येणाऱ्या विचारणांचा सूर बदललाय. पूर्वी लोक विचारायचे, व्हीआयपी रोडवरचं कोणतं लॉन बरं, चौबे कॉलनीतला महाराष्ट्र मंडळाचा हॉल कोणत्या तारखेला मोकळा आहे. आता विचारतात, समुद्रावर एखादं घर तीन दिवस भाड्यानं घेऊन चाळीस माणसांत लग्न उरकता येईल का?

येईल. आणि माझं मत विचाराल तर लॉनपेक्षा ते पुष्कळ बरं होईल. इथल्या चालीप्रमाणे आपलीही लग्नं आता रात्रीची होऊ लागली आहेत. अकरा वाजता बारात दारात, बारा वाजता ताटं, आणि अक्षता टाकायला उरतात ती फक्त घरची झोपाळलेली माणसं. सकाळी लग्न, दुपारी पंगत, दिवस मावळायच्या आत पाठवणी ही आपली जुनी रीत. ती मोडली याचं कुणाला दुःखही उरलेलं नाही. भाड्याच्या घरात सगळे एका छपराखाली उतरतात. पहाटे चहाचं आधण पडलेलं असतं, आत्या मुंडावळ्या शोधत असते, विहीणबाई ओसरीवर वेणी घालत बसलेल्या असतात. लग्नघर म्हणतात ते हे. लॉनवर ते कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही.

पण लोक पहिली चूक करतात ती समुद्र निवडण्यात. डोळ्यासमोर गोवा नाहीतर अलिबाग असतं. रायपूरहून मुंबईच अकराशे किलोमीटरहून लांब, तिथून पुढे अलिबाग. सत्तरीच्या काकूंना तो प्रवास घडवून लग्नाच्या दिवशी हसतमुख बसवायचं, हे कुणालाही जमणारं नाही. आपला समुद्र पूर्वेचा. विशाखापट्टणम रेल्वेनं सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग–विशाखापट्टणम वंदे भारत धावू लागल्यावर सकाळी रायपूरला बसलेला माणूस दुपारी तिथं उतरतो. पुरी तर वडीलधाऱ्यांना विचारायच्या आधीच मान्य असते, जगन्नाथाचं दर्शन पदरात पडतं म्हणून. जाता जाता सांगतो, या समुद्राशी आपलं नातं काही कालपरवाचं नाही. १७५१ पासून १८०३ पर्यंत पुरी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होती. जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला तो त्याच काळात.

पूर्वेच्या समुद्राची एक गोष्ट मात्र आधी नीट समजून घ्या. तिथं सूर्य पाण्यातून उगवतो, पाण्यात मावळत नाही. गोव्यातले फोटो पाहून गोरज मुहूर्त धरलात तर सूर्य तुमच्या पाठीमागे, घरांच्या आणि टेकड्यांच्या आड बुडेल आणि समोर नुसतं काळवंडत जाणारं पाणी राहील. म्हणून मुहूर्त सकाळचाच घ्या. माघात तिथं साडेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो. आठ-नऊच्या मुहूर्तावर अक्षता पडल्या की कोवळं ऊन नवरानवरीच्या तोंडावर असतं आणि अकराला पानं मांडता येतात.

माघ मुद्दाम म्हटलं. तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हंगाम. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट विशाखापट्टणमवर आलं, तेव्हा शहराचं काय झालं ते लोक अजून विसरलेले नाहीत. चैत्र-वैशाखही सुरक्षित नाहीत. ३ मे २०१९ ला फणी पुरीला धडकलं. पौषात बहुतेक घरांत कार्य करत नाहीत. उरतो माघ, आणि फार तर फाल्गुन. हवा कोरडी, समुद्र त्यातल्या त्यात शांत, आणि रायपूरहून शाली घेऊन आलेल्यांना त्या पेटीत तशाच ठेवता येतात.

आता वाळू. विशाखापट्टणमजवळ ऋषिकोंड्याच्या बाजूला ओळखीतल्या एका घरचं लग्न मी पाहिलं. मंडप वाळूत, मुहूर्त दुपारचा. किनाऱ्यावर सकाळी वारा बहुधा पडलेला असतो. जमीन तापली की तो समुद्राकडून सुटतो आणि दुपारी जोर धरतो. तसाच तो धरला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अंतरपाट शिडासारखा फुगून थेट मामांच्या तोंडाला गुंडाळला गेला. टाकलेल्या अक्षता टाकणाऱ्यांच्याच डोळ्यांत. गुरुजी लाटांवर आवाज चढवत होते, तरी तिसऱ्या रांगेला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून लोक दुसऱ्याचं बघून अक्षता टाकत होते. आजींच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे दोन पाय हळूहळू वाळूत रुतले आणि शेवटी दोघा नातवांनी त्यांना खुर्चीसकट उचलून घेतलं. होम काही केल्या पेटेना. शेवटी चार जणांनी चादरी धरून आडोसा केला, तेव्हा कुठे लाह्या पडल्या. फोटो सुंदर आलेत, त्याबद्दल वाद नाही.

म्हणून लग्न अंगणात लावा. भिंतीचा किंवा माडांचा आडोसा असलेलं, समुद्र दिसणारं अंगण शोधा आणि वाळूवर संध्याकाळी भटकायला जा. कायद्याच्या बाजूनंही हेच सोयीचं. जाहिरातीत ‘खासगी बीच’ असं लिहिलेलं असलं तरी भरतीच्या रेषेखालची वाळू घरमालकाची नसते, ती सरकारची. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत, २०१९ मध्ये ते नव्यानं आले. वाळूवर मांडव, स्टेज, जनरेटर ठेवायचं म्हणजे स्थानिक प्रशासनाची परवानगी लागणार. ऋषिकोंडा आणि पुरीचा गोल्डन बीच यांना २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांसाठीचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं, तिथं तर मांडवाचं नावच काढू नका. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हा २००० सालचा नियम रायपूरला आपण गंमत म्हणून घेतो. समुद्रकाठच्या वस्तीत शेजारी ती गंमत चालवून घेतीलच असं नाही. आणखी एक. माघ-फाल्गुन म्हणजे याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे दिवस. वाळूकडे तोंड केलेले फोकस त्यांना आणि त्यांच्या पिल्लांना वाट चुकवतात. जेवणं झाली की ते दिवे मालवा, एवढंच करायचं आहे.

कोकणातच करायचं असा कुणाचा हट्ट असेल, देव तिकडचा असेल, तर पंचांगातूनच भरतीही काढता येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोळ्यांपासून भटजींपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असलेलं हे गणित आहे. मात्र ते पश्चिम किनाऱ्याचं, विशाखापट्टणमला चालत नाही. तिथं भरतीचं कोष्टक बघावं लागतं, पण काळजीही कमी, कारण मुंबईकडे मोठ्या भरतीला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, तर तिथं जेमतेम दीड मीटर.

घर ठरवताना मंडळी बाल्कनी बघतात. मी म्हणतो, संडास मोजा. दहा माणसांच्या घरात चाळीस माणसं राहू शकत नाहीत, जेवू शकतात. वडीलधारी आणि वधूपक्षाची जवळची माणसं घरात, बाकीच्यांना चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेल, हीच व्यवस्था टिकते. पाणी चाखून बघा. किनाऱ्यावरच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि चहा फसतो. स्वयंपाकाला विकतचं पाणी धरूनच हिशेब करा. गीझर, मिक्सर आणि एसी एकदम लावून बघा, वीज जाते का ते कळेल. घर सोडायची वेळ सहसा सकाळी अकराची असते. तुमचा मुहूर्त नऊचा असेल तर होम चालू असताना केअरटेकर किल्ल्या मागायला उभा राहील, म्हणून लग्नाच्या दिवसाची रात्रही घ्या, तिथं काटकसर नको. आणि मालकाला ‘फॅमिली गेट-टुगेदर’ असं मोघम सांगू नका. एअरबीएनबीनं २०२२ मध्ये घरांतल्या पार्ट्यांवर कायमची बंदी घातली. बुकिंग ॲपवरून असो की ओळखीतून, लग्न आहे, इतकी माणसं आहेत, होम पेटणार आहे, हे लेखी कळवून लेखी होकार घ्या.

गुरुजी आपले न्या. विशाखापट्टणमचे पुरोहित विद्वान असतात, पण त्यांचा मुहूर्ताचा क्षण म्हणजे वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवण्याचा. तुमची मंगलाष्टकं त्यांनी का म्हणावीत? गुरुजींचं तिकीट पाहुण्यांच्या तिकिटांबरोबरच काढा. आणि फोटोग्राफरच्या सांगण्यावरून विधी आखडू नका. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही. नाचगाणी आणि जेवणावळी म्हणजे विवाह नव्हे, असंही न्यायमूर्तींनी सुनावलं. विधी नकोच असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रायपूरलाच नोंदणी करा, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मग समुद्रावर मजेत जेवायला जा. तोही चांगला मार्ग आहे.

सगळ्यात अवघड काम यादीचं. चाळीसची यादी आठवडाभरात सत्तरवर जाते, कारण आपल्या तात्यापारा मोहल्ल्यात ज्यांच्या घरी आपण तीन पिढ्या जेवलो त्यांना काय सांगायचं? म्हणून काही जण समुद्रावर लग्न आणि परतल्यावर लॉनवर रिसेप्शन, असा दुहेरी घाट घालतात. हे मला अजिबात पटत नाही. मग छोटं लग्न कुठं झालं? त्यापेक्षा परतल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये सत्यनारायण घाला. लग्नानंतरची पूजा आपल्याकडे होतीच. प्रसादाला आणि साध्या जेवणाला सगळ्यांना बोलवा. स्टेज नको, आहेर नको, रांग लावून फोटो नकोत. ज्यांना लग्नाला नेलं नाही त्यांच्या ताटात वाढायला नवरानवरी स्वतः असतील, तर कुणी रुसत नाही. मी पाहिलेल्या घरांत तरी कुणी रुसलं नाही.

आणि कुणाच्या आजीला आठ तासांचा प्रवासही झेपणारा नसेल तर गंगरेलला जा. पाणी गोडं आहे, लाटा नाहीत, पण धमतरी जवळ आहे आणि आजी लग्नाला असेल.

माघातला मुहूर्त धरणाऱ्यांनी घर दिवाळीच्या आधी बघून यावं. बघायला जाताना आचाऱ्याला बरोबर न्या, फोटोग्राफरला नंतर नेलंत तरी चालेल.