कारीट का फोडायचे?

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि कडू रसाचा थेंब जिभेला लावायचा. पालघर जिल्ह्यातल्या चांदीपसारख्या गावात आजी करते ते पाहून चार वर्षांचे पोरही करते. ‘का?’ असे विचारते, पण उत्तरासाठी थांबत नाही. त्याला आंधळे अनुकरण म्हणून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही.

२००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी युगांडातल्या न्गांबा बेटावरच्या चिंपांझींपुढे आणि स्कॉटलंडच्या तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे एक पेटी ठेवली. दाखवणारा आधी वरच्या भोकात काठी खुपसायचा. खाऊशी तिचा काही संबंध नसे. पेटी पारदर्शक केल्यावर चिंपांझींनी ती पायरी गाळली आणि थेट खाऊ काढला. मुलांना सगळे दिसत होते, तरी त्यांनी काठी खुपसलीच. पुढे २०१० मध्ये कलाहारीतल्या सान मुलांतही हेच आढळले. तेव्हा ही काही शाळकरी गोऱ्या मुलांचीच सवय नव्हे.

चिंपांझीला तेवढ्यापुरता फायदा झाला. पण आपल्या जंगलपट्ट्यातला कडूकंद घ्या. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्यातला विषारी कडवटपणा उतरतो. राखेचे कारण ठाऊक नसलेली बाईही ती पायरी गाळत नाही, म्हणून घर सुखरूप जेवते. न कळणारे जपून ठेवण्याची ही क्षमता आम्हाला फार मोठी वाटते.

महाकपींना संस्कृती नाही, असे मात्र कुणी समजू नये. १९९९ मध्ये व्हाइटन, जेन गुडॉल आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या अशा ३९ रीती नोंदवल्या, ज्या काही ठिकाणी रूढ आहेत आणि काही ठिकाणी नाहीत. झांबियातल्या जुली नावाच्या मादीने कानात गवताची काडी खोचायला सुरुवात केली. उपयोग शून्य, तरी कळपातल्या इतरांनी ते उचलले. कारीट आणि ती काडी यांत आम्हाला नाते दिसते, आणि त्याचा आनंद वाटतो.

फरक पुढे पडतो: माणूस रीत जपतो आणि जपता जपता ती बदलतोही. वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा, हीच रीत होती. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुरुष असून, लग्न नसतानाही, कागदावर रोज चितारू लागले. त्रिकोणी माणसे आणि तारप्याभोवतीचा फेर त्यांनी सोडला नाही. आज पालघरच्या पाड्यांत मुलगे आणि मुली दोघेही चितारतात.