पियानोला कैवारी नकोत

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांत एक समज घट्ट रुजला आहे. एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक संगीतकारांनी पियानोसाठी जे लिहिले तो जणू कच्चा आराखडा होता. पुढे कोणी तरी तो वाद्यवृंदासाठी विस्तारला, तेव्हा कुठे त्या रचनेला पूर्णत्व लाभले! हा समज आम्हांस मुळातूनच अमान्य आहे.

पियानोची हातोडी तारेवर पडताक्षणी स्वर विरू लागतो. व्हायोलिनवादक आपला स्वर धरून ठेवू शकतो, फुलवू शकतो. पियानोवादकास ती मुभा नाही. शोपँ, शूमान, लिस्ट यांना ही मर्यादा ठाऊक नव्हती काय? त्यांनी तर तिच्यातूनच आपली शैली घडविली. शोपँच्या बी फ्लॅट मायनर सोनाटातील शोकयात्रेच्या मधल्या भागात एकाकी सुरावट स्वरागणिक मावळत जाते आणि ऐकणाऱ्याचे मन तो तुटता धागा जोडीत राहते. ३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्याच अंत्यविधीत ही शोकयात्रा रेबेर यांनी केलेल्या वाद्यवृंदरूपात वाजविली गेली. विशाल मंदिर, मोठा जनसमुदाय. त्या प्रसंगी ते उचितच होते. परंतु प्रसंगाची गरज ही रचनेची उणीव ठरत नाही.

प्रतिपक्षाचा हुकमी दाखला म्हणजे मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’. दिवंगत मित्र हार्टमान याच्या चित्रांवरून १८७४ साली लिहिलेली ही पियानोरचना राव्हेलने कुसेव्हित्स्कीच्या सांगण्यावरून १९२२ साली वाद्यवृंदासाठी सजविली. राव्हेलच्या कौशल्याविषयी दुमत नाही. पण पूर्तता म्हणतात ती हीच काय? मुसोर्गस्कीची बैलगाडी पहिल्याच स्वरापासून दणदणत येते. रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादिलेल्या १८८६ च्या आवृत्तीत तिचा आरंभ हळुवार करण्यात आला. राव्हेलने तीच आवृत्ती अनुसरली आणि गाडी दुरून येऊ लागली. शिवाय चित्रांमधून फिरणाऱ्या प्रेक्षकाची एक फेरी, ‘प्रोमेनाड’, त्याने सरळ गाळली. जिथे मूळच बदलले, तिथे पूर्णत्वाची भाषा कशी शोभावी?

खुद्द राव्हेलची साक्ष काढू. ‘ल तोंबो द कूपराँ’ ही स्वतःची सहा भागांची पियानोरचना १९१९ साली वाद्यवृंदासाठी उतरविताना त्याने चारच भाग घेतले. फ्यूग आणि टोकाटा पियानोपाशीच ठेवले. ते दोन भाग अपूर्ण राहिले, असे कोणी म्हणत नाही. उलट दिशेनेही पाहा. लिस्टने बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी पियानोवर उतरविल्या. त्यामुळे बेथोव्हेन पूर्ण झाला, असे म्हणण्यास कोणी धजेल काय? मग न्यायाचे माप एकाच बाजूला का झुकते? केवळ ऐंशी वादकांचा थाट एका वादकाहून मोठा दिसतो म्हणून!

रूपांतराशी आमचे वैर नाही. आम्ही धर्मगुरू दर रविवारी भाषांतरित शास्त्रवचनांवरच प्रवचन करतो. भाषांतरावाचून आमच्या लोकांपर्यंत ते वचन पोहोचलेच नसते. तथापि हिब्रू व ग्रीक मूळ आपल्या मराठीमुळे पूर्ण झाले, असा दावा कोणी भाषांतरकार करील, तर आम्ही त्याला उद्धट म्हणू. राव्हेलची कृती त्याच्या नावाने, एक स्वतंत्र भाष्य म्हणून अवश्य ऐकावी. मात्र ज्याने ती प्रथम ऐकली असेल, त्याने एकदा तरी मूळ पियानो ऐकून मगच अपूर्णतेचा निवाडा द्यावा. मुसोर्गस्कीला एवढा न्याय मिळालाच पाहिजे.