तोंडीचे गुण कोण देतो?

आपल्या वस्तीतले मूल एमबीबीएसला लागले की घरोघर पेढे जातात. पुढे त्याला गुण कसे मिळतात, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. लेखीचे एक बरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात मागता येते. तोंडीचे काय मागणार? तिथे बोलणे हवेत विरते आणि कागदावर फक्त आकडा राहतो.

जुनी पद्धत अशी की विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यायचा आणि मग परीक्षकांनी प्रश्न विचारायचे. एकाला हकीकत नीट सांगणारा दम्याचा रुग्ण मिळतो, दुसऱ्याच्या वाट्याला कानाने अधू आजोबा येतात. एक परीक्षक मवाळ, दुसरा तापट. शेवटी ‘एकंदर छाप’ पाहून गुण पडतात. त्या छापेत इंग्रजीचा हेल येतो, कपडे येतात, आडनावही येते. हे आम्ही मनचे सांगत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधील भेदभावाच्या तक्रारींसाठी 2006 साली डॉ. सुखदेव थोरात समिती नेमली गेली. परीक्षक जात विचारतात, तोंडी-प्रात्यक्षिकात न्याय मिळत नाही, असे मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी तिला सांगितले. तिचा अहवाल 2007 चा आहे.

यावर एक तोड स्कॉटलंडमध्ये डंडी येथे निघाली. डॉ. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ती 1975 साली प्रसिद्ध केली. तिला ‘ऑस्की’ म्हणतात. अनेक टेबले मांडायची आणि घंटा झाली की पुढच्या टेबलावर जायचे. सर्वांना तेच काम, तेवढाच वेळ, पण प्रत्येक टेबलावर परीक्षक वेगळा. काय केले म्हणजे किती गुण, हे आधीच छापलेले. रुग्णाची परवानगी घेतली का? हात धुतले का? केले असेल तर खूण. आम्ही कारकून माणसे, आम्हाला हे लगेच पटले. व्हाउचरवर एकाच सहीने पैसे सुटत नाहीत, मग मुलाचे वर्ष एकाच माणसाच्या मर्जीवर का जावे?

अर्थात नुसत्या खुणांनी डॉक्टर घडत नाही. पाठ केल्यासारखे हात धुणारेही निघतात. परीक्षकांनाही आधी एकत्र बसवावे लागते. एकाच विद्यार्थ्याचे चित्रीकरण दाखवून सर्वांकडून गुण घेतले की कोणाचा हात आखडता आणि कोणाचा सैल, ते तिथेच दिसते. आपल्याकडेही ऑस्की वापरतात, पण सगळीकडे सारखी नाही.

तेव्हा ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी एवढे विचारावे: तोंडीला परीक्षक किती होते? गुण प्रत्येकाने वेगळे लिहिले, की आपसात बोलून एकच आकडा टाकला?