प्रत्येक खाज म्हणजे लूत नव्हे

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या कॉलनीत लॅब्रॅडोरचे पिल्लू आले की गल्लीतली सगळी पोरे ते बघायला जमतात. वर्ष-दीड वर्षात त्याचे पंजे लालबुंद होतात, कानांना वास मारू लागतो, पोटावरचे केस झडून कातडी काळी आणि जाड पडते. रात्री घर झोपलेले असताना ते पंजे चाटत आणि अंग खाजवत बसते. मग शेजारीपाजारी सांगू लागतात : लूत लागली आहे, पोरांना होईल, कुठे तरी सोडून या.

लूत हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस वापरला जातो. खरी लूत गोचिडाच्याच जातकुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यामुळे होते. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागते, माणसालाही काही दिवस खाज सुटते. नीट औषध दिले तर काही आठवड्यांत ती बरी होते. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीवर, पग, जर्मन शेफर्ड यांच्यात वारंवार दिसणारा अ‍ॅटोपिक डर्मटायटिस हे वेगळेच दुखणे आहे. त्याची प्रवृत्ती रक्तातून येते. त्वचेचे संरक्षक आवरण मुळातच कच्चे असते आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण यांच्यावर शरीराची प्रतिकारशक्ती नको तेवढी चवताळते. लक्षणे बहुधा सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होतात. हा आजार मुलांना लागत नाही, शेजारच्या कुत्र्यालाही लागत नाही. मात्र तो कायमचा बराही होत नाही, आणि घोडे अडते ते इथेच.

कारण घरच्यांना हवा असतो एका सुईचा इलाज. दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज थांबते. काही आठवड्यांनी ती परत येते आणि पुन्हा सुई दिली जाते. पुढे सतत तहान, वारंवार लघवी, न भागणारी भूक आणि वाढते वजन सुरू होते. त्वचा पातळ होते, जंतुसंसर्ग वाढतो, काही कुत्र्यांना मधुमेहही होतो. स्टेरॉइड हे औषध वाईट नाही. मोजून, थोड्या दिवसांसाठी दिले तर ते मोठा आधार देते. निदान न करता वर्षानुवर्षे सुया टोचत राहणे मात्र अक्षम्य आहे. गॅरेजमधले जळके ऑइल चोपडण्याचा प्रकार तर याहून भयंकर. कुत्रे अंग चाटते आणि ते विष थेट पोटात जाते. घरात पडलेल्या, माणसांसाठीच्या खाजेच्या मलमाचेही तेच होते.

या आजाराचे निदान एका तपासणीत होत नाही. आधी पिसवा, लुतीचे किडे, गजकर्ण, त्वचेतला जंतुसंसर्ग एकेक करून वगळावे लागतात. अन्नाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पाहायला किमान आठ आठवडे ठरवून दिलेला एकच आहार द्यावा लागतो, आणि तो प्रयोग बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या मायेपुढे हरतो. दुपारच्या चहाबरोबर हळूच दिलेले एक बिस्कीट सगळे मुसळ केरात घालते.

मराठवाड्यात आणखी दोन अडचणी आहेत : हवा आणि पाणी. उन्हाळ्याच्या भाजणीनंतर पावसाळ्याचा दमटपणा आला की कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी फोफावते. पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त तर वर्षभर ठेवावा लागतो. डॉक्टर औषधी शाम्पूने आठवड्यातून एकदा अंघोळ सांगतात आणि फेस दहा मिनिटे अंगावर ठेवायला सांगतात. ज्या लातूरने 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले, तिथे हा सल्ला ऐकताना घरची बाई आधी टाकीकडे पाहणारच. टंचाईच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून फक्त पंजे, पोट आणि काखा धुवाव्यात. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पाय आणि पोट पुसून कोरडे करावे. यालाही एक तांब्या पाणी पुरते.

ऑक्लॅसिटिनिबसारखी खाज आवरणारी नवी औषधे आता आहेत, पण ती महाग पडतात आणि दीर्घकाळ द्यावी लागतात. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. चौथ्या सुईवर पैसे घालण्याआधी तिथे एकदा कुत्रे दाखवून आणणे शहाणपणाचे.

या सगळ्याचे मूळ मात्र पैदाशीत आहे. औषधाचा खर्च निघावा म्हणून याच मादीची पिल्ले घेऊन विकणारे लोक आहेत आणि त्यांना त्यात काही वावगेही वाटत नाही. 2012 मध्ये गोल्डन रिट्रीवरच्या अंगावरून कोंडा झडणाऱ्या इक्थिओसिस या आजारामागचे जनुक सापडले. तेच जनुक बिघडले की माणसातही तसाच आजार होतो. त्याची चाचणी करता येते, त्यामुळे वरून निरोगी दिसणारे वाहक नर-मादी ओळखता येतात. अ‍ॅटोपीत अनेक जनुके गुंतलेली असल्याने अशी सोय नाही. म्हणूनच आई-बापाची कातडी बघणे आणि खाजऱ्या कुत्र्याची नसबंदी करणे एवढेच हाती उरते. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. पिल्लू घेताना नोंदणी विचारणारा गिऱ्हाईक मात्र विरळाच. लोक रंग विचारतात, किंमत विचारतात आणि पिल्लू कुशीत घेऊन घरी येतात. आईचे पंजे कसे आहेत, हे बघायला एक मिनिटही लागत नाही.

उपाशी-तहानलेले हाल होतील अशा जागी जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही अशी कुत्री हायवेच्या धाब्यांजवळ सोडली जातात. घरात वाढलेल्या लॅब्रॅडोरला उकिरडा उकरून पोट भरता येत नाही, गल्लीतली कुत्री त्याला उभे राहू देत नाहीत, आणि गोळी चुकली की पंधरा दिवसांत त्याचे अंग पुन्हा सोलवटून निघते. धाब्यावर आलेले लोक मग लूत लागलेले कुत्रे म्हणून त्याला हाकलतात.