हुंकार देणारा फोन

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा आपसांत बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली होती. मग बायकांशी बोलणे झाले. आपणही मालिकांपुढे फार वेळ बसतो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि ग्रामसभेत निर्णय झाला. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. परदेशातल्या वृत्तसंस्थांनीही या गावाची दखल घेतली.

उपक्रम चांगलाच आहे. पण हाच भोंगा आहे तसा उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जत तालुक्यातल्या एखाद्या गावात बसवला तर काय होईल, याचा विचार करायला हवा.

जतमधून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे गेलेली माणसे परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा तुटते. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पाच-सहा महिने आईचा चेहरा दिसतो तो फोनवर, आणि तोही कधी? दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. एवढे उरकून, चूल पेटवता पेटवता, कोपीतून फोन लागतो तो सायंकाळीच. म्हणजे नेमका भोंग्याच्या वेळात. ज्या घरात आई समोर बसलेली आहे, तिथे दीड तास फोन बंद ठेवणे म्हणजे आई परत मिळणे. ज्या घरात आई शंभर-दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे तोच दीड तास फोन बंद ठेवणे म्हणजे आई जाणे.

मोबाइल मुलांना बिघडवतो की शिकवतो, या प्रश्नावर घरोघर वाद होतात. त्यांचा निकाल लागत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या जागी धरलेला असतो. यंत्र एकच असले तरी त्याचे दोन अगदी वेगळे उपयोग होतात. आजी गोष्ट सांगते तेव्हा ऐकणाऱ्या पोराने ‘हं’ म्हणायचे असते. हुंकार थांबला की आजी विचारते, ‘झोपलास का रे?’ गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला हा धागा फोनवरून चालू राहतो की तुटतो, ही खरी कसोटी. बालविकासाच्या अभ्यासकांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे पाहिले आहे, तेही बरेचसे याच दिशेचे आहे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात फक्त इंग्रजी ऐकणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांनी चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारे माणूस बसून पुस्तक वाचत होते, खेळणी दाखवत होते. काहींना त्याच बोलण्याचे चित्रीकरण टीव्हीवर दाखवले, काहींना नुसता आवाज ऐकवला. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातली बाळे चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली होती. टीव्ही आणि ध्वनिफितीच्या गटांच्या पदरात जवळपास काहीच पडले नव्हते. शब्द तेच, आवाज तोच; समोर माणूस नव्हते, एवढाच फरक.

जतच्या दृष्टीने हा प्रयोग जवळचा आहे. तालुक्याच्या सीमेवरच्या कितीतरी घरांत बोलणे कन्नडमध्ये चालते. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. एका मुलाच्या कानावर दोन भाषा पडतात, ही तिथल्या मुलांची मिळकतच म्हणायची. पण पाळण्यातल्या बाळापुढे मराठी बालगीतांचे व्हिडिओ लावून ठेवले की मराठी आपोआप येईल, अशी जी समजूत असते, तिला आधार नाही. शेजारची मराठी बोलणारी काकू रोज अर्धा तास त्याच्याशी बोलली, तर तिचा उपयोग जास्त. मोठी मुले व्हिडिओवरून शिकतात, त्याबद्दल वाद नाही. सगळ्या वयांना एकच नियम लावायची घाई मात्र टाळलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असे सुचवले, त्यामागेही वयाचाच विचार आहे.

मग फडावरून येणारा व्हिडिओ कॉल कुठल्या खात्यात घालायचा? याचे उत्तर २०१४ मध्ये सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांच्या अभ्यासातून मिळाले. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवायची होती. एका गटाला समोर बसून, दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवरून, तिसऱ्याला आधी घेतलेले चित्रीकरण दाखवून. चित्रीकरणावरून मुले शिकली नाहीत. व्हिडिओ कॉलवरून मात्र समोर बसल्यासारखीच शिकली. पडदा दोन्हीकडे होता. कॉलवरची बाई मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देत होती, थांबत होती, हसत होती. चित्रीकरणातली बाई आपलेच पुढे रेटत होती. पडद्यावरून हुंकार मिळाला तर मूल शिकते. म्हणून कोपीतून बोलणारी आई आणि तासभर आपोआप पुढे सरकणारी कार्टून्स यांची बेरीज ‘स्क्रीन टाइम’ या एकाच शब्दाखाली करणे अन्यायाचे आहे.

हे अभ्यास लहान आहेत, काही डझन मुलांवरचे, तेही अमेरिकेतल्या. त्यावरून कायदे करू नयेत. पण घरात कसे वागायचे एवढे ठरवायला ते पुरेसे आहेत, कारण वेगवेगळ्या वाटांनी ते एकाच ठिकाणी येतात.

हुंकार तुटतो कसा, तेही मोजून झाले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मध्येच फोन वाजवला गेला, दुसरा सलग शिकवू दिला. शब्द कितीदा उच्चारला, यात फरक नव्हता. तरी फोनमुळे मध्येच तुटलेला शब्द मुलांना आला नाही. मोहित्यांचे वडगावचा भोंगा यामुळेच महत्त्वाचा आहे. पोरांच्या हातातून मोबाइल काढून घेणारे पालक गल्लीगल्लीत आहेत, त्यात विशेष काही नाही. त्या गावाने मोठ्यांचाही मोबाइल खाली ठेवायला लावला, आणि सगळ्यांचा एकाच वेळी. बापाने रील पाहत ‘अभ्यासाला बस’ म्हणायचे, ही आपल्याकडची सर्वत्र चालणारी पद्धत दीड तासापुरती तरी त्या गावाने मोडली.

वाढत्या वयाच्या मुलांचे गणित वेगळे. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या ‘असर’ २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. आजीच्या भरवशावर मागे राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात तिच्यापेक्षा हुशार यंत्र असते आणि ‘ठेव आता’ म्हणणारे कुणी नसते. आजीने मोबाइल लपवायचा आणि नातवाने शोधायचा, हा खेळ ती किती दिवस जिंकेल? इथे घर पुरे पडत नाही. शाळा, वसतिगृह आणि वाडी यांनाच हात द्यावा लागेल, आणि भोंग्यासारखा सामुदायिक नियम इथे कामाचा आहे. फक्त येणाऱ्या कॉलला त्यातून सूट हवी. वेळ आधी ठरवून घ्यावी: फडावरच्या माणसांना विचारून, ग्रामपंचायतीच्या सोयीने नव्हे.

आणखी एक तपशील, जो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्त्झर यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांपुढे भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावून मुद्दाम ताणाखाली आणले. त्यानंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फोनवर बोलली. जवळीक आणि धीर यांच्याशी जोडले जाणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले, असे २०१० च्या या अभ्यासात दिसले. दोन वर्षांनी त्यांनी हाच प्रयोग लिहिलेल्या संदेशांवर केला. आईने तसाच धीर दिला, पण टाइप करून. तेव्हा ते संप्रेरक वाढले नाही आणि ताणाची पातळी आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकीच राहिली.

शाळेत काही बिनसले असेल, ताप आला असेल, तर मुलाला हवा असतो तो आवाज. ‘काळजी घे बाळा’ असा मेसेज आणि खाली हात जोडलेले चित्र त्याची जागा घेत नाही. फडावरच्या आयांपैकी अनेकींना लिहिता येत नाही याबद्दल हळहळ वाटते खरी, पण या एका बाबतीत त्यांचे काही अडत नाही. अडते ते दुसरीकडे. बहुतेक कोप्यांत वीज नसते, त्यामुळे चार्जिंग पुरवून वापरावे लागते. वसतिगृहात फोन एक आणि मुले अनेक, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे कुणीतरी पाहायला हवे. आणि रिचार्ज. इंटरनेट न वापरणाऱ्या आजीलाही डेटाचे पैसे मोजावे लागत होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठी वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. बटणांच्या साध्या फोनवर ते चालते. सेल्त्झर यांच्या प्रयोगातल्या मुलींनाही आईचा नुसता आवाजच ऐकू आला होता, चेहरा दिसला नव्हता.